विजेचा वर्ग

विद्यापीठाच्या उपकेंद्रात अभ्यासमंडळाची बैठक भरली होती आणि विषय एकच होता: नोकरीत असलेल्या शाळाशिक्षकांना विज्ञानाची एमएस्सी कशी द्यायची. साल २०३८. माध्यमिक शाळेत विज्ञान किंवा गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने येत्या काही वर्षांत पदव्युत्तर पदवी घ्यायची, असा नियम नुकताच निघाला होता. त्यामागचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. एव्हाना प्रत्येक मुलाच्या टॅबलेटमध्ये शिकवणारा प्रोग्राम आला होता. तो रागवायचा नाही, दमायचा नाही, एकच गोष्ट वीस वेळा समजावून सांगायचा. मग शिक्षक कशाला हवा, असं पालक तोंडावर विचारू लागले होते, आणि शिक्षकांकडे त्याचं उत्तर नव्हतं.

हे काम डॉ. अनुजा ठोंबरे यांच्याकडे आलं ते त्या विभागात सगळ्यांत नवीन होत्या म्हणून. वय एक्केचाळीस, अभ्यास ढगांमधल्या विजेचा. विभागप्रमुख डॉ. मोहोळकर यांनी त्यांच्यापुढे एक तयार अभ्यासक्रम ठेवला. ध्वनिमुद्रित व्याख्यानं, प्रत्येकाखाली पर्यायी प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. मोहोळकर वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं इतकंच की, ही मंडळी पंधरा-वीस वर्षं वर्गात उभी राहून थकलेली आहेत, त्यांना वेतनश्रेणी हवी आहे, त्यांच्यामागे संशोधन लावलंत तर पहिल्या महिन्यात निम्मी पळून जातील.

अनुजाने तो अभ्यासक्रम वाचला आणि नकार दिला.

"सर, जे टॅबलेटला ठाऊक आहे तेच शिक्षकाला परत शिकवून काय होणार?" ती म्हणाली. "जे अजून कुणालाच ठाऊक नाही ते शोधायचं कसं, हे टॅबलेट दाखवू शकत नाही. ते ज्याने स्वतः एकदा केलंय, तोच वर्गात दाखवेल. मला या लोकांना एक खराखुरा प्रश्न द्यायचाय."

बराच वाद झाला. शेवटी मोहोळकरांनी तिला एक तुकडी दिली. ती जमली तर पुढे बघू, नाही जमली तर व्याख्यानं आहेतच.

मे महिन्याच्या सुट्टीत तुकडी आली. बावीस शिक्षक, सगळे बालाघाटच्या डोंगररांगेतल्या दोन शेजारशेजारच्या तालुक्यांतले. पहिला दिवस वाया गेला. अनुजा बोलेल ते सगळे उतरवून घेत होते. मध्येच कुणीतरी विचारलं, यातलं परीक्षेला काय येणार. तिने विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवरचा एक प्रकल्प आखून आणला होता. तो सांगितल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तोही उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने खडू खाली ठेवला आणि विचारलं की, वर्गात मुलांनी विचारलेला आणि तुम्हाला उत्तर न आलेला एखादा प्रश्न सांगा. माना वह्यांत गेल्या. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे चार शिक्षकांत बसून कबूल करणं सोपं नसतं.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एक बाई उभ्या राहिल्या. शकीला पठाण, हिंगणवाडीच्या हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीची आत्या आदल्या वर्षी सोयाबीन काढताना वीज पडून गेली होती. पुढे वर्गात धडा आला, वीज पडताना झाडाखाली थांबू नये. ती मुलगी उठून म्हणाली की, आत्या झाडाखाली नव्हती, पाऊससुद्धा सुरू झाला नव्हता, मोबाइलवर इशारा आला तो आत्या पडल्यानंतर. मग पहिली वीज कुठे पडणार हे कुणालाच कळत नाही का?

"मी तिला म्हटलं, बस खाली, धडा पुढे न्यायचाय," पठाण मॅडम म्हणाल्या. "मला खरंच माहीत नव्हतं. टॅबलेटला विचारलं, तर त्यानेही झाडाखाली थांबू नका असंच सांगितलं."

अनुजाला उत्तर माहीत होतं. उत्तर असं होतं की, कळत नाही. आयुष्यभर ढगांतल्या विजेवर काम करून तिला पहिली वीज सांगता येत नव्हती. त्या संध्याकाळी तिने क्षारांचा प्रकल्प बाजूला ठेवला आणि अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून आखायला घेतला.

तिसऱ्या दिवशी तिने फळ्यावर ढग काढला. ढगाच्या आत बर्फाचे बारीक कण वर चढत असतात आणि गारांचे जड गोळे खाली येत असतात. ते एकमेकांवर घासतात, तसा एकावर धन विद्युतभार साठतो, दुसऱ्यावर ऋण. रडारला पावसाचे थेंब दिसतात, हा भार दिसत नाही. म्हणून इशारे येतात ते एक वीज पडून गेल्यावर. पण मोठी वीज पडण्याआधी ढगाच्या पोटात छोट्या छोट्या ठिणग्या उडत असतात, दहा-वीस मीटर लांबीच्या. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. रेडिओवर मात्र त्यांची बारीक खरखर येते. ढग जणू आधी कुजबुजतो आणि मग ओरडतो. अडचण अशी की ही कुजबुज फार क्षीण असते, पाच-सात किलोमीटरवर विरून जाते. ती ऐकायची तर दर चार-पाच किलोमीटरवर एक कान हवा. इतकी केंद्रं कोण उभारणार आणि सांभाळणार? म्हणून ते कुणी केलं नव्हतं.

"पण दर चार-पाच किलोमीटरवर आपल्याकडे एक गोष्ट आहे," अनुजा म्हणाली आणि थांबली.

"शाळा," तीन-चार जण एकदमच म्हणाले.

त्यानंतर परीक्षेला काय येणार हे कुणी विचारलं नाही.

अभ्यासक्रम या एका प्रश्नाभोवती उभा राहिला. इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं, कारण ती खरखर पकडणारा, शाळेच्या छपरावर बसवायचा रिसीव्हर स्वतः जोडायचा होता. कित्येकांनी कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात धरलं. बोटं भाजली, तारा उलट्या लागल्या, दोन यंत्रं जळाली. गणित शिकायचं, कारण ठिणगी कुठे उडाली ते शोधायचं होतं. एकच आवाज तीन ठिकाणी किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून जागा काढायची. हे कागदावर कुणाच्या पचनी पडेना, तेव्हा अनुजा सगळ्यांना उपकेंद्रामागच्या माळावर घेऊन गेली. गणिताचे सुरवसे सर शाळेचा टोल घेऊन कुठेतरी दडून बसले आणि त्यांनी एकच ठोका दिला. बाकीच्यांनी लांब लांब उभं राहून तो मोबाइलवर टिपला, फरक काढले, वक्ररेषा आखल्या. कॉलेजात घोकलेला हायपरबोला त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर उतरला. रेषा जिथे छेदत होत्या तिथे सगळे चालत गेले, तर सुरवसे सर बाभळीच्या बेटामागे टोल मांडीवर घेऊन बसलेले सापडले. पन्नाशीला आलेली माणसं लहान मुलांसारखी टाळ्या पिटत होती. दर पंधरवड्याच्या शनिवार-रविवारी वर्ग भरायचे. एकही जण पळून गेला नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर शोध लागला. सुरवसे सर आपल्या नववीच्या मुलांना घेऊन ठिणग्यांची उंची आलेखावर मांडत होते. त्यांना दिसलं की, पहिली वीज जमिनीवर पडायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी कुजबुजीचं केंद्र हळूहळू खाली सरकू लागतं, आणि जिथे ते सरकतं त्याच्या आसपासच बहुतेक वेळा वीज पडते. अनुजाने तीन वेळा आकडेमोड तपासली. आठ दिवस तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, इतकी ती धास्तावली होती. मग शोधनिबंध गेला, त्यावर बावीस शाळाशिक्षकांची नावं होती. छापून आला तेव्हा मोहोळकर स्वतः तिच्या खोलीत येऊन उभे राहिले, आणि ही सगळी नावं आपण सूचनाफलकावर लावू या, एवढंच म्हणाले.

शाळांच्या छपरांवर भोंगे बसले. कुजबुज ठरलेल्या पातळीपलीकडे गेली की यंत्र सांगायचं आणि शिक्षकाने किंवा सरपंचाने भोंगा वाजवायचा. हिंगणवाडीचा पहिला भोंगा वाजला तो आठवडी बाजाराच्या दिवशी. पठाण मॅडमनी बाजार उठवला. टोपल्या, तराजू, दुकानांची पालं गुंडाळून माणसं शाळेत आणि ग्रामपंचायतीत शिरली. ढग आला, थोडा गडगडला आणि डोंगरापलीकडे निघून गेला. एक थेंबही पडला नाही. पुढे आठवडाभर लोक शाळेवरून जाताना वर बघून विचारायचे, काय मॅडम, आज कुणाला पळवायचं?

पठाण मॅडम पुढच्या शनिवारी अनुजाकडे आल्या आणि म्हणाल्या की, भोंग्याची पातळी वर न्या, पक्की खात्री असेल तेव्हाच वाजू दे. पुन्हा अशी शोभा झाली तर गाव ऐकणार नाही.

अनुजाने त्यांना आलेख दाखवला. पातळी वर नेली की खोटे इशारे कमी होतात, पण न सांगता पडणाऱ्या विजा वाढतात. खाली आणली की उलट. दोन्हीकडच्या चुका एकदम शून्यावर येतील अशी जागा त्या रेषेवर कुठेच नव्हती.

"चुका टळणार नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "त्या कुठल्या बाजूला करायच्या, एवढंच आपल्या हातात आहे. आम्ही दहात तीन खोटे इशारे चालतील असं धरलंय."

पठाण मॅडमनी त्या रेषेवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "हे तीन कुणी ठरवलं?"

अनुजाने सांगितलं की, तिने आणि मोहोळकर सरांनी, जगभरातल्या प्रथा पाहून.

"म्हणजे उन्हातान्हात शेतात जे उभे असतात त्यांना कुणी विचारलं नाही."

तिथून दोघींची पहिली खडाजंगी झाली. पठाण मॅडमना आपला प्रबंध यावरच करायचा होता: रेषेवरची जागा गावाने निवडायची, आणि ती समजून उमजून निवडता यावी म्हणून संख्याशास्त्र गावाला शिकवायचं. अनुजाचं म्हणणं, हे भौतिकशास्त्र नाही, परीक्षक पहिल्याच पानावर परत पाठवतील. पठाण मॅडम शांतपणे म्हणाल्या की, शिकवणं हा माझा धंदा आहे, तुम्ही मला नवीन विज्ञान दिलंत, आता ते कुठे शिकवायचं हे मला ठरवू द्या. अनुजा त्या रात्री चिडलेली होती. सकाळी तिला वाटलं की आपण एखाद्याला संशोधक करायला निघालो आणि तो झाला म्हणून चिडतोय, हे काही बरोबर नाही. तिने अभ्यासक्रमात एक विषय वाढवला आणि मोहोळकरांशी पुन्हा एकदा भांडून तो मंजूर करून घेतला.

हिंगणवाडीत तो हिवाळा त्यातच गेला. दर ग्रामसभेत पठाण मॅडमना अर्धा तास मिळायचा. मुलांनी पुठ्ठ्याचे पत्ते केले होते. एका बाजूला त्या दिवशीची कुजबुज, दुसऱ्या बाजूला वीज पडली की नाही. लोक पत्ते उचलायचे, भोंगा वाजवायचा की नाही ते ठरवायचे आणि मग पत्ता उलटून बघायचे. हरलं की हसायचे, पुन्हा उचलायचे. चार सभांनंतर माणसं आपण होऊन बोलू लागली की, एकदा चुकलं म्हणजे यंत्र खोटं असं नाही, शंभर पत्ते काढून बघावं लागतं. शेवटी पठाण मॅडमनी प्रश्न टाकला: दहा वेळा भोंगा वाजला आणि त्यातल्या सात वेळा काहीच झालं नाही, तर अकराव्या वेळी उठाल का?

खुरपणीला जाणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांतल्या रुक्मिणबाई म्हणाल्या, "सात वेळा सावलीत बसू. आठव्या वेळी जिवंत राहू. आमचं काय जातंय?"

बागायतदारांनी मजुरीचा वेळ फुकट जाईल अशी कुरकुर केली, पण सरपंच गव्हाणे यांनी ठराव मांडला आणि हात वर झाले. हिंगणवाडीचा भोंगा विद्यापीठाच्या पातळीवर न ठेवता गावाने निवडलेल्या खालच्या पातळीवर ठेवायचा. दहात सात खोटे गावाला मंजूर.

एप्रिल उजाडला. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड होता. पंचक्रोशीतून माणसं आली होती, शेतातल्या मोकळ्या हौद्याभोवती रिंगण धरून बसली होती. आमदार पाहुणे होते. माथ्यावर ऊन होतं. पश्चिमेला डोंगरामागे एकच ढग वर येत होता. सरकारी अ‍ॅपवर सगळं हिरवं.

दुपारी उपकेंद्रात अनुजा पडद्यासमोर बसली होती, शेजारी मोहोळकर. हिंगणवाडीच्या पश्चिमेला कुजबुज सुरू झाली. केंद्र थोडं खाली सरकलं आणि थबकलं. इशाऱ्याचा आकडा विद्यापीठाच्या रेषेच्या खाली होता, गावाच्या रेषेच्या किंचित वर. अनुजाच्या हातात एक अधिकार होता. कुठल्याही शाळेचा भोंगा ती इथून रोखू शकत होती.

मोहोळकर म्हणाले की, आमदारांसमोर हजारो माणसं उठवली आणि काहीच झालं नाही, तर पुढची तुकडी विसरा. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. तिथे काही होईल असं आकडेही ठामपणे सांगत नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. पठाण मॅडम होत्या. पाठीमागून हलगीचा आवाज येत होता. त्यांचे यजमान इस्माईलभाई मोटारी दुरुस्त करायचे. ते नुकतेच त्यांना म्हणाले होते की, यात्रा गावच्या देवाची, फड गावचा, आणि बंद पाडला पठाण मॅडमनी असं व्हायला नको. सरपंचांना वाजवू दे. पण सरपंच आमदारांच्या गाडीमागे गर्दीत अडकले होते आणि फोन उचलत नव्हते.

"मॅडम, परवानगी मागत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय. तुमच्या पातळीला नाही, आमच्या पातळीला वाजवतेय."

अनुजाने रोखण्याच्या बटणावरून हात काढून घेतला. "वाजवा," ती म्हणाली.

भोंगा वाजला. हलगी थांबली. पहिल्यांदा उठल्या त्या रुक्मिणबाई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका. पोरांना बखोटीला धरून त्या शाळेकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे हिंगणवाडीची माणसं उठली. पाहुण्या गावांतले लोक आधी आरडाओरडा करू लागले, कुस्ती रंगात आली होती. मग यजमान गावच रिकामं होतंय म्हटल्यावर तेही निघाले. मल्ल अंगाला माती लागलेले, तसेच धावत शेजारच्या मंगल कार्यालयात शिरले. आमदार गाडीत बसले आणि काचा वर केल्या. इस्माईलभाई हौद्याजवळ उभे राहून मागे राहिलेल्यांना हाकत होते. पठाण मॅडमनी हाताला धरून ओढलं तेव्हाच ते हलले.

शाळेच्या व्हरांड्यात माणूस माणसाला लागून उभा होता. बाहेर ऊन तसंच होतं. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, आलं बघा, बाजारासारखंच.

आणि मग डोळे दिपले. आवाज इतका जवळून आला की खिडक्यांची तावदानं थरथरली. हौद्याच्या कडेला ध्वनिक्षेपकाचा लोखंडी खांब होता, त्यावर वीज पडली होती. खांबाभोवतीचं गवत काळं पडलं होतं, कर्णा वितळून लोंबत होता. थोड्या वेळापूर्वी तिथे पोरांची सगळ्यांत दाट गर्दी होती. रिंगणात उरल्या होत्या त्या चपला आणि एक उलटी पडलेली टोपी.

व्हरांड्यात रुक्मिणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या पठाण मॅडमच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. अनुजाच्या पडद्यावर एक तांबडा ठिपका उमटला आणि पाठोपाठ फोनवर मॅडमचा आवाज आला, "सगळे आत आहेत." मोहोळकरांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "पठाण मॅडम, मी मोहोळकर बोलतोय. आम्ही दोघंही ऐकतोय."

वर्तमानपत्रं आठवडाभर हिंगणवाडीवर लिहीत होती. मुंबईहून बोलावणी आली, इतर जिल्ह्यांतून शिक्षकांचे अर्ज आले. पुढच्या तुकडीसाठी आता मोहोळकरच धावपळ करत होते.

दोन महिन्यांनी पठाण मॅडमची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरून आले होते, नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ, करड्या स्वभावाचे. बाकीचे एकवीस जण मागे बसले होते. अनुजा मार्गदर्शक म्हणून हजर होती, पण तिला बोलायची मुभा नव्हती. परीक्षकांनी तासभर आकड्यांवर घेरलं. एका ठिकाणी मॅडम चुकल्या, थांबल्या, फळ्यावर पुन्हा मांडून दुरुस्त केलं. मग परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं की, यात्रेच्या दिवशी वीज पडली नसती तर हा प्रबंध तुम्ही सादर केला असता का?

"केला असता, सर," पठाण मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी वीज पडली, हा माझा पुरावा नाही. ती एकच नोंद आहे. नुसत्या योगायोगानेही पडू शकली असती."

मागच्या बाकांवर चुळबूज झाली. सगळ्या राज्याने डोक्यावर घेतलेली घटना पठाण मॅडम एका वाक्यात बाजूला ठेवत होत्या.

"मग तुमचा पुरावा कोणता?"

"यात्रेनंतरचा भोंगा, सर. तीन दिवसांनी वाजला. माणसं कांद्याच्या शेतात होती. वीज पडली नाही. त्यानंतर आणखी दोनदा वाजला, तेव्हाही नाही."

"आणि लोक?"

"तिन्ही वेळा उठले. अर्धा तास बसले, परत कामाला गेले. कुणी विचारायला आलं नाही की का वाजला. दहात सात खोटे आपणच मान्य केलेत, हे त्यांना ठाऊक होतं."

परीक्षकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी हातातलं पेन बंद केलं आणि पुढचे प्रश्न नाहीत असं सांगितलं. अनुजाने बोलायचं नव्हतं, ती बोललीही नाही. ती फक्त जागेवरून उठून उभी राहिली. मागे बाकांचा आवाज झाला, आणि तिने वळून पाहिलं तेव्हा एकवीसच्या एकवीस शिक्षक उभे होते.